आधी उगवण तपासा, मग फी भरा



मृगाच्या तोंडावर मी दरवर्षी एकच गाणे गातो. घरच्या पोत्यातले सोयाबीन रानात टाकण्याआधी त्याची उगवणशक्ती तपासा. काही जण ऐकतात. काही जण "गेल्या साली उगवलं होतं की" म्हणून तसेच पेरतात, आणि दुबार पेरणीची पाळी आली की कपाळाला हात लावून बसतात. आज मात्र बियाण्याबद्दल थोडे आणि लेकरांबद्दल जास्त बोलायचे आहे. कारण जून महिना आला की दोन खर्च एकदमच दाराशी उभे राहतात. एक पेरणीचा आणि दुसरा लेकरांच्या फीचा.

मागच्या वर्षी मे महिन्यात एक शेतकरी पंचायत समितीत माझ्या टेबलासमोर येऊन बसले. मन्याडकाठचे गाव, चार एकर कोरडवाहू. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, "साहेब, एक सल्ला पायजे. एक एकर गहाण टाकावं, का बैलजोडी इकावी?"

मी विचारले, "अशी काय अडचण आली, दादा?"

"अडचन न्हाई. पोरगी बारावी झाली. म्हनती कोडिंग शिकायचं. शहरात क्लास हाय, सहा महिन्यांचा. ऐंशी हजार मागतेत. नोकरीची हमी देतेत म्हने."

"कोडिंग म्हणजे काय, ते तुम्हाला ठाऊक आहे का?"

"मला काय ठाव? पोरगी म्हनती, संगणकाला कामाला लावायची विद्या हाय."

एवढी सोपी आणि बरोबर व्याख्या मी कुठल्या पुस्तकात वाचलेली नाही. पण त्यांच्या प्रश्नाचे उत्तर देताना माझीच जीभ अडखळली. का, ते आधी सांगतो.

मी परभणीच्या कृषी विद्यापीठातून बी. एस्सी. झालो. आमच्या वेळी संगणक काचेच्या खोलीत असे आणि त्याला बघायचे तर चपला बाहेर काढाव्या लागत, देवासारख्या. त्या भीतीतून मी कधी पुरता बाहेर आलोच नाही. म्हणून काही वर्षांपूर्वी माझा मुलगा जेव्हा म्हणाला, "बाबा, मला प्रोग्रॅमिंग शिकायचं आहे," तेव्हा मी काही विचारले नाही. भविष्य निर्वाह निधीतून सव्वा लाख रुपये काढले आणि मोठ्या शहरातल्या एका क्लासात भरले. सहा महिन्यांनी तो प्रमाणपत्र घेऊन आला. आम्ही ते चौकटीत बसवून भिंतीला लावले. वर्षभर नोकरी लागली नाही. एका रात्री जेवताना तो म्हणाला, "बाबा, रागावू नका. तिथं जे शिकवलं, ते सगळं नेटवर फुकट होतं. सरसुद्धा तेच उघडून दाखवायचे."

मी ताटावरून उठलो नाही, पण घासही उतरला नाही. पैसे गेल्याचे दुःख होतेच. त्याहून मोठे दुःख हे, की तीस वर्षे मी गावोगाव सांगत फिरलो, पिशवीवरचे चित्र बघून बियाणे घेऊ नका. आणि स्वतःच्या लेकराच्या वेळी मी पिशवीवरचे चित्रच बघितले होते.

पुढे मुलगा घरी बसून स्वतःच शिकला. चुकत, रडत, पण शिकला. आज तो नोकरीला आहे. असो.

आता ही विद्या म्हणजे काय, ते पाहू. प्रोग्रॅम म्हणजे यंत्राला लिहून दिलेली सूचनांची यादी, दुसरे काही नाही. तुम्ही अशा याद्या रोज तोंडी देता. उदाहरण आपल्या सोयाबीनचेच घ्या. घरच्या बियाण्यातले शंभर दाणे न निवडता मोजून घ्या. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडा, वर दुसरे ओले गोणपाट टाका, गुंडाळी करून सावलीत ठेवा आणि ओल टिकवा. पाच-सहा दिवसांनी उघडून चांगले कोंब मोजा. मग नियम असा :

कोंब ७० किंवा त्याहून जास्त असतील, तर एकरी ३० किलो बियाणे पेरा.

६० ते ६९ असतील, तर सत्तरला जितके कमी पडले, तितक्या वेळा अर्धा-अर्धा किलो वाढवा.

६० हून कमी असतील, तर ते बियाणे पेरू नका.

म्हणजे कोंब ६५ आले, तर पाच कमी, म्हणून अडीच किलो जास्त, एकरी साडेबत्तीस किलो. झाला हा प्रोग्रॅम! "असे असेल तर असे कर, नाहीतर तसे कर." हेच यंत्राला कळणाऱ्या भाषेत लिहिणे म्हणजे कोडिंग. संगणक नव्या सालगड्यासारखा असतो. सांगाल तेवढेच करील, हजार वेळा करील, थकणार नाही. पण जे सांगायचे राहिले, ते स्वतःच्या मनाने करणार नाही. म्हणून या विद्येत इंग्रजी फाडफाड येण्यापेक्षा डोके शांत ठेवून एकेक पायरी लावता येणे महत्त्वाचे. शेतकऱ्याच्या घरात तो गुण काही कमी नसतो.

आता ही विद्या फुकट कशी, हा प्रश्न तुम्ही विचाराल. फुकट म्हटले की आपल्याला शंका येते आणि यावीच. म्हणून थोडा इतिहास सांगतो.

इंटरनेट हा रस्ता समजा, आणि वेब म्हणजे त्या रस्त्यावर भरणारा बाजार. हा बाजार भरवण्याची युक्ती टिम बर्नर्स-ली नावाच्या इंग्रज माणसाने १९८९ साली मांडली. तो स्वित्झर्लंडमधल्या सर्न या मोठ्या प्रयोगशाळेत कामाला होता. पुढे ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने जाहीर केले, की ही युक्ती कोणीही वापरावी, तिच्यावर आमचा हक्क नाही, तिचे पैसे नाहीत. गावाने विहीर खणावी आणि रहाटाला कुलूप न लावता सगळ्या शिवाराला पाणी भरू द्यावे, तसे हे झाले. त्याआधी दोन वर्षे, १९९१ साली, फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने लिनक्स नावाचा प्रोग्रॅम लिहून लोकांपुढे ठेवला. बघा, सुधारा, वाटा. तुमच्या खिशातला अँड्रॉइड फोन आज त्याच लिनक्सच्या पायावर चालतो.

१९९३ हे साल माझ्या मनात मात्र दुसऱ्याच कारणाने कोरलेले आहे. तुमच्याही असेल. सर्नच्या त्या जाहीरनाम्याला बरोबर पाच महिने झाले, आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारी हादरली. औसा आणि उमरगा भागातली गावे बसल्या जागी खाली आली. हजारो माणसे झोपेतच गेली. मी तेव्हा नुकताच शिकून बाहेर पडलो होतो, मदतीच्या गाडीबरोबर गेलो होतो. गणपती विसर्जनाची रात्र होऊन गेलेली. त्या ढिगाऱ्यांतून फिरताना एक गोष्ट डोळ्यांत भरली. भिंती बारीक नव्हत्या, उलट हातभर जाड होत्या. पण त्या जाड भिंतींनीच माणसे मारली.

का, ते पुढे जाणकारांनी समजावून सांगितले. भिंतीचे आतले आणि बाहेरचे दगड दोन वेगळ्या थरांत, मातीत रचलेले. दोन्ही थरांना बांधून ठेवणारे आडवे जोडदगड नव्हते. वर माळवदाची जड माती. हादरा बसताच दोन्ही थर सुटले आणि माळवद खाली आले. भिंतीत जोडदगड घालावे, दारांच्या वरून घरभर पट्टी फिरवावी, ही माहिती तेव्हा नवी नव्हती. रूडकीला भूकंप-अभियांत्रिकीचे शिक्षण १९६० पासून चालू होते. नांदेडला श्री गुरू गोविंदसिंगजी अभियांत्रिकी महाविद्यालय १९८१ साली निघाले होते. पण आपला भाग भूकंपाच्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याचा म्हणून धरलेला, आणि जी विद्या होती ती इंग्रजी पुस्तकांत, कपाटात. औशाच्या गवंड्यापर्यंत ती कोण नेणार?

विद्या असणे वेगळे आणि ती आपल्या उंबऱ्याच्या आत येणे वेगळे, हे मी तिथे शिकलो. म्हणून उघड्या वेबचे मला जे कौतुक आहे, ते करमणुकीसाठी नाही. आज एखाद्या गवंड्याचे पोर फोनवर जोडदगडाचे चित्र पाहू शकते. त्या पहाटेआधी तसे असते तर काही घरे तरी उभी राहिली असती, असे मला अजून वाटते.

आपल्या भाषेत सांगायचे तर विद्याही दोन वाणांची असते. सोयाबीनचा सरळ वाण घरी राखता येतो, पुन्हा पेरता येतो, शेजाऱ्याला पायलीभर देता येतो. २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याचा तो हक्क मान्यही केला आहे. संकरित कपाशीचे तसे नाही. पीक चांगले येते, पण बी दरसाल दुकानातूनच. उघड्या वेबवरची विद्या सरळ वाणाची आहे. एकदा घेतली की आपली, आणि दुसऱ्याला दिली तरी कमी होत नाही. पैसे भरून कुलपाआड मिळणारी विद्या संकरित वाणाची. ती वाईट असते असे नाही. पण घेण्याआधी आपल्याला ती कशाला हवी, हे ठाऊक पाहिजे.

आता पुन्हा मन्याडकाठच्या त्या दादांकडे येतो. मी त्यांना म्हणालो, "जमीन गहाण टाकू नका आणि बैलही विकू नका. तीन महिने द्या. आपण लेकराच्या आवडीची उगवण तपासू."

पहिला अडथळा घरातच निघाला. मुलीची आई म्हणाली, "पोरीच्या हातात फोन दिला की संपलं, साहेब." त्या माउलीची भीती मी हसण्यावारी नेली नाही. मी म्हणालो, "बाई, फोन घरातच, ओसरीवर, सगळ्यांदेखत वापरू द्या. रोज एक तास. आणि त्या तासात काय शिकली, ते रात्री तिने तुम्हाला सांगायचं. तुम्हाला कळलं, तरच ती शिकली." या अटीवर त्या तयार झाल्या. फोनवर लिहिणे अवघड, म्हणून गावातल्या सेवा केंद्राच्या चालकाला विनंती केली. दुपारी त्याचा संगणक रिकामाच असतो. आठवड्यातले तीन दिवस त्याने तो दिला.

धडे कुठले? मुंबईच्या आय. आय. टी.ने संगणकाचे छोटे छोटे धडे तयार केले आहेत, स्पोकन ट्युटोरियल नावाचे. त्यांतले पुष्कळ मराठीतून ऐकता येतात आणि पैसे पडत नाहीत. शिवाय वेबची एक मोठी गंमत आहे. संगणकावर कुठलेही पान उघडून उंदराची उजवी कळ दाबली, की ते पान कसे विणले आहे, ते पाहण्याची सोय असते. वाकळीची उलटी बाजू बघून टाका कसा घातला ते बाया शिकतात, तसेच हे. मुलीने पहिला महिना उलट्या बाजूच पाहिल्या.

दुसऱ्या महिन्यात मी तिला काम दिले. उगवणीचा आपला नियम घे आणि त्याचे पान कर. मोकळ्या चौकटीत कोंबांचा आकडा टाकला, की खाली एकरी किलो उमटले पाहिजेत. तिने केले. ६५ टाकले की साडेबत्तीस, ६२ टाकले की चौतीस. घरात आनंदीआनंद. मग शेजारचे एक म्हातारे आले. चष्मा नव्हता, सत्तर टाकायचे तर नुसतेच ७ टाकले. पान म्हणाले, एकरी साडेएकसष्ट किलो पेरा!

म्हातारे म्हणाले, "बाई गं, सोयाबीन पेरायचं का अंगणात वाळू घालायचं?"

सगळे हसले. पोरगी मात्र गप्प झाली. साठाच्या आत पेरू नका, हा तिसरा नियम ती यंत्राला सांगायचाच विसरली होती. सालगड्याने सांगितले तेवढेच केले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी ती पुन्हा सेवा केंद्रात गेली आणि नियम घालून आली. शिवाय शंभरावरचा आकडा टाकला तर "पुन्हा मोजा" असे लिहून येईल, हीही सोय केली. ही गोष्ट तिच्या वडिलांनी मला फोनवर सांगितली, तेव्हा मी त्यांना म्हणालो, "दादा, कोंब आला." चूक दाखवली म्हणून जो रुसत नाही आणि दुसऱ्या दिवशी ती दुरुस्त करायला जातो, त्याला ही विद्या येते. क्लासात जाऊन हा गुण विकत मिळत नाही.

आपल्याकडे लातूर पॅटर्नचे नाव देशभर झाले. पुन्हा पुन्हा सराव, पुन्हा पुन्हा प्रश्नपत्रिका. ती मेहनत इथेही लागते. फरक एवढाच, की संगणक प्रयत्नाचे अर्धे गुण देत नाही. चालले तर चालले, नाहीतर नाही.

ती मुलगी पुढे तंत्रनिकेतनात थेट दुसऱ्या वर्षाला गेली. बारावी विज्ञान झालेल्यांना तशी वाट आहे. एकरही राहिला, बैलही राहिले. त्याच गावच्या एका मुलानेही अशीच तीन महिने परीक्षा घेतली आणि सांगितले, "काका, मला यात गोडी नाही, मला मोटारी उघडायला आवडतं." तो आज आय. टी. आय.मध्ये वायरमनचे शिकतो आहे. त्याचीही परीक्षा वाया गेली नाही. बियाणे उगवत नाही, हे गोणपाटावर कळले तर नुकसान शंभर दाण्यांचे. रानात कळले तर हंगामाचे.

आता सावधगिरीचे दोन शब्द. उघड्या माळावर गवत येते तसे गाजरगवतही येते. पाच औषधे एकत्र मिसळून फवारा, असे सांगणारा व्हिडिओ पाहून एकाने आपली तूर करपवून घेतलेली मी डोळ्यांनी पाहिली आहे. म्हणून सांगणारा कोण, तो कशावरून सांगतो आणि त्यात त्याचे काय विकले जाते, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय नेटवरची गोष्ट रानात नेऊ नका. आणि फी भरण्याची घाई करणारा, "आजच भरा, उद्या जागा नाही" म्हणणारा दिसला, की दोन पावले मागे सरा.

दुसरी गोष्ट देण्याची. सार्वजनिक विहिरीचे पाणी सगळ्यांनी भरायचे आणि गाळ कोणीच काढायचा नाही, असे केले तर विहीर आटते. वेबवर मराठीत जे चांगले आहे, ते कोणीतरी आपला वेळ देऊन लिहिलेले आहे. मराठी विकिपीडिया २००३ साली सुरू झाला. त्यात कोणालाही लिहिता येते. आता तर प्रश्नाला उत्तर देणारी यंत्रे आली आहेत. ती लोकांनी लिहिलेल्या मजकुरावरच शिकतात. आपल्या काळ्या रानाबद्दल, मन्याड-मांजराकाठच्या सोयाबीनबद्दल आपण मराठीत काही लिहिलेच नाही, तर ती यंत्रे आपल्याला अमेरिकेच्या सोयाबीनची उत्तरे देतील. तेव्हा शिकलेल्या लेकरांना सांगा, जे स्वतः करून पाहिले तेवढेच लिहा, पण मराठीत लिहा आणि उघडे ठेवा. त्या मुलीने आपले उगवणीचे पान तसेच उघडे ठेवले आहे. कोणीही पाहावे, कोणीही सुधारावे.

जाता जाता, या हंगामापुरते चार मुद्दे लिहून ठेवा.

१. फीसाठी जमीन किंवा जनावर मोडण्याआधी लेकराला तीन महिने, रोज एक तास, फुकटच्या धड्यांवर शिकू द्या.

२. तीन महिन्यांत त्याने घराच्या उपयोगाची एक वस्तू करून दाखवावी. दुधाचा हिशेब, फवारणीच्या पाण्याचे गणित, काहीही. प्रमाणपत्र नव्हे, वस्तू.

३. गोडी दिसली तर आधी शासकीय तंत्रनिकेतन, आय. टी. आय. आणि अभियांत्रिकी महाविद्यालय यांची चौकशी करा. ठरावीक प्रवर्गांतील, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींना राज्य शासनाने २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क माफ केले आहे. आपल्याला ते लागू होते का, हे प्रवेशाआधी विचारा.

४. नोकरीची हमी तोंडी ऐकू नका. लेखी मागा. लेखी देत नसतील, तर उत्तर मिळालेच.

आणि हो, सोयाबीनचे शंभर दाणे आज रात्रीच मोजून गोणपाटात गुंडाळा. लेकराला शेजारी बसवा आणि नियम त्यालाच तोंडी सांगायला लावा. दोन्ही उगवणी एकदमच तपासून होतील.

आपला,
विस्तार अधिकारी (कृषी)